रबरी बदकाची भेट

आपल्या भाषेंत ‘भेट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मनुष्य दुसऱ्यास भेटतो, ती भेट. आणि एकानें दुसऱ्यास प्रेमपूर्वक जी वस्तु द्यावी, तीही भेटच. वस्तु हातीं देतांना देणाऱ्याची व घेणाऱ्याची दृष्टादृष्ट होतेच. म्हणून हे दोन अर्थ एका शब्दांत सुखानें नांदत आले आहेत. परंतु देणारा कोण हें घेणाऱ्यास कळूं नये, दोघांची कधीं गांठही पडूं नये, परतफेडीचा प्रश्नच उद्भवूं नये, आणि तरीही घेणाऱ्यास आनंद व्हावा, अशी भेट असूं शकेल काय? या प्रश्नाचा विचार करण्यास उपयोगी पडेल अशी एक साधी चाल कॅनडा व अमेरिकेंतील संयुक्त संस्थानें या देशांत २०२० पासून रूढ झाली आहे. ती जीप गाड्यांच्या मालकांची असून तिचें साधन म्हणजे लहान मुलांच्या स्नानाच्या पाण्यांत तरंगणारें पिंवळें रबरी बदक होय.

विषय पोरकट वाटेल. परंतु विद्यार्थिमित्रांनीं थोडा धीर धरावा. या चालीच्या मुळाशीं एक कडू प्रसंग आहे, आणि त्या प्रसंगानें जो प्रश्न उभा केला, तो लहानथोर सर्वांसच केव्हां ना केव्हां सोडवावा लागतो.

१. चालीचें स्वरूप

समजा, एका जीपचा मालक बाजारास गेला आहे. दुकानाबाहेरच्या मोकळ्या जागेंत त्यानें आपली गाडी उभी केली व तो आंत गेला. अर्ध्या तासानें परत येऊन पाहतो, तों दाराच्या मुठीवर, बाजूच्या आरशाच्या कडेवर किंवा बॉनेटवर मुठींत मावेल एवढें एक बदक बसलेलें! पुष्कळदां त्याच्या गळ्यांत दोऱ्यानें एक चिठ्ठी बांधलेली असते, व तींत ‘तुमची जीप आवडली’ अशा अर्थाचे दोन शब्द असतात. इकडे तिकडे पाहावें तर ओळखीचें कोणी नाहीं. ठेवणारा केव्हांच आपल्या वाटेनें निघून गेलेला असतो. मालक मनांत हंसतो, बदक उचलतो, आणि गाडींत समोरच्या कांचेखालीं जी फळी असते, जिला डॅशबोर्ड म्हणतात, तिच्यावर तें ठेवून देतो. पुढें दुसरें येतें, तिसरें येतें. कोणी पिंवळें, कोणी निळें, कोणी डोक्यावर टोपी घातलेलें. ज्या गाडींत अशीं पुष्कळ बदकें रांगेनें बसलेलीं दिसतात, तिच्या त्या फळीस हे लोक थट्टेनें ‘बदकांचें तळें’ म्हणतात.

एवढ्यावर चाल संपत नाहीं. ज्यास बदक मिळालें, त्यानें दुसरें विकत आणून किंवा मिळालेलेंच घेऊन तें तिसऱ्याच कोणाच्या जीपवर ठेवावें, असा प्रघात आहे. याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं, व न पाळणाऱ्यास दंडही नाहीं. मूळ देणाऱ्यास परत देण्याचा मार्गच नाहीं, कारण तो कोण हें ठाऊक नसतें. म्हणून उपकाराचा ओघ मागें न वळतां पुढेंच वाहत जातो.

या चालीस इंग्रजींत ‘डकिंग’ म्हणतात. ‘डक’ म्हणजे बदक. तिचें दुसरें नांव ‘डक डक जीप’ असें असून तें तिकडील मुलांच्या ‘डक डक गूस’ या खेळावरून घेतलें आहे. त्या खेळांत मुलें वर्तुळ करून बसतात. एक मूल बाहेरून फिरत प्रत्येकाच्या डोक्यास हात लावून ‘बदक, बदक’ म्हणत जातें, आणि मध्येंच एकास ‘हंस’ असें म्हणून पळत सुटतें. आपल्याकडील ‘मामाचें पत्र हरवलें’ या खेळाशीं त्याचें पुष्कळ साम्य आहे. पाळी कोणावर येईल हें कळत नाहीं, यांतच दोन्ही खेळांची गोडी. आणि बदकाच्या भेटीची गोडीही हीच आहे.

२. जीप व तिचें गणगोत

ही चाल जीपवाल्यांत सहज कां पसरली, हें समजण्यास त्या गाडीचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर, १९४० सालीं, अमेरिकेच्या सैन्यास एक हलकी, मजबूत व चारी चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी लहान गाडी हवी होती. सामान्य मोटारींत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. तीं चाकें चिखलांत अगर वाळूंत घसरूं लागलीं, म्हणजे गाडी जागच्या जागीं अडकून बसते. चारी चाकांना जोर मिळाला म्हणजे दोन चाकें घसरलीं तरी उरलेलीं दोन गाडीस ओढून बाहेर काढूं शकतात. अशा गाडीचा पहिला नमुना पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील बटलर या गांवच्या बँटम कंपनीनें कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअराच्या साह्यानें तयार केला, व तो २३ सप्टेंबर १९४० रोजीं सैन्याच्या हवालीं केला. पुढें विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या दोन मोठ्या कंपन्यांनीं युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या.

युद्ध संपल्यावर १९४५ सालीं विलीज कंपनीनें शेतकरी व इतर नागरिक यांच्यासाठीं निराळी जीप काढली. हिंदुस्थानांतही जीप लवकरच आली. मुंबईच्या महिंद्र कंपनीनें १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपचे सुटे भाग आणून त्या येथें जोडण्यास आरंभ केला. आणि पुढें कित्येक वर्षें खेड्यापाड्यांतील लोकांस सरकारी अंमलदार किंवा डॉक्टर दिसे, तो जीपमधून उतरतांनाच दिसे. अलीकडे, २०१७ पासून, पुण्याजवळील रांजणगांव येथील कारखान्यांत याच नांवाच्या नव्या गाड्या तयार होऊं लागल्या.

जीपचा मालक मुद्दाम आडवाटेस जातो. डोंगराची चढण, ओढ्याचें पात्र, वाळूचें मैदान, हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें. अशा ठिकाणीं एकट्यानें गेलेला मनुष्य केव्हां ना केव्हां अडकतोच, आणि त्याची गाडी बाहेर काढावयास दुसरी गाडी व दोर लागतो. दोर देणारा ओळखीचा असेलच असें नाहीं. आज ज्यानें दुसऱ्यास ओढून काढलें, त्यास उद्यां तिसरा कोणी ओढून काढील, अशा भरंवशावर ही सगळी हौस उभी आहे. म्हणूनच अमेरिकेंत समोरून जीप आली असतां जीपवाल्यानें स्टीअरिंगवरून हात किंवा दोन बोटें उचलून तिला नमस्कार करावा, ही रीत बदकांच्याही आधीं पुष्कळ वर्षांपासून चालत आली आहे. तात्पर्य, बदक येण्यापूर्वींच या लोकांत बंधुभावाची जमीन नांगरलेली होती. बीं मात्र पडावयाचें होतें. तें कसें पडलें, तें आतां पाहूं.

३. चालीचा उगम

१९१९ च्या वर्षअखेरीस उद्भवलेल्या कोणा साथीची ही गोष्ट नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनीं आलेल्या कोविडच्या साथीची आहे. २०२० च्या मार्च महिन्यांत कॅनडा व संयुक्त संस्थानें यांनीं आपली सरहद्द अनावश्यक प्रवासास बंद केली. जगांतील लांब सरहद्दींत तिची गणना होते, आणि एरव्हीं दोन्हीं बाजूंचे लोक तिच्यावरून शेजाऱ्याच्या अंगणांत जावें तसे ये-जा करीत. आतां भीतीनें सर्वांचीं मनें व्यापलीं. रोग डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु परका मनुष्य दिसतो, आणि त्याच्या गाडीच्या नंबराची पाटी तर दुरूनही वाचतां येते. तेव्हां जो रोग दिसत नव्हता, त्याचा राग दिसणाऱ्या माणसावर निघूं लागला.

अ‍ॅलिसन पार्लमेंट नांवाची एक तरुण स्त्री त्या वर्षीं आपल्या गाडींतून कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतांत आली होती. ती मूळची त्याच देशाची. परंतु राहावयास संयुक्त संस्थानांतील अलाबामा येथें असल्यानें तिच्या गाडीस तेथील पाटी होती. वाटेंत एका पेट्रोल-पंपावर ती थांबली असतां एका अनोळखी पुरुषानें ती पाटी पाहिली. तो तिच्या अंगावर धांवून गेला, त्यानें तिला धरून तिच्याच गाडीवर ढकललें, व आल्या वाटेनें परत जाण्यास दरडावून सांगितलें. तिचा अपराध एवढाच कीं, तिच्या गाडीच्या पाटीवर दुसऱ्या देशाचें नांव होतें.

ती अतिशय घाबरली. पुढें बँक्रॉफ्ट या गांवीं एका दुकानांत तिला रबरी बदकें दिसलीं. ज्या स्नेह्याकडे ती उतरली होती त्याची थट्टा करावी, घरांत ठिकठिकाणीं बदकें लपवून ठेवावीं, म्हणजे त्याला व आपल्यालाही हंसूं येईल, अशा विचारानें तिनें तीं विकत घेतलीं. बाहेर येतांच समोर एक सुंदर जीप उभी असलेली तिला दिसली. तिनें एक बदक घेतलें, जीपची स्तुति करणारे दोन शब्द कागदावर लिहिले, आणि तें त्या गाडीवर ठेवलें. इतक्यांत गाडीचा मालक तेथें आला. तो चांगला थोराड, पाहतांच धाक वाटावा असा मनुष्य होता. त्यानें बदक पाहिलें, चिठ्ठी वाचली, आणि तो खदखदां हंसला. ही गोष्ट चारचौघांस कळवा, असें त्यानेंच तिला सुचविलें. तिनें ती ‘डक डक जीप’ या नांवानें समाजमाध्यमांवर लिहिली. थोड्याच दिवसांत जागोजागचे जीपवाले बदकें विकत घेऊं लागले, आणि चाल त्या दोन देशांच्या बाहेरही जाऊन पोंचली.

येथें विद्यार्थ्यांनीं एका गोष्टीकडे नीट लक्ष द्यावें. त्या स्त्रीस ज्यानें दुखविलें, तो अनोळखी पुरुष होता. आणि तिनें ज्याच्या गाडीवर बदक ठेवलें, तोही अनोळखी पुरुषच, शिवाय अंगानें धिप्पाड. पहिल्या अनुभवावरून तिनें दुसऱ्याची भीति धरली असती, तर तिला कोणीही दोष दिला नसता. आपण पोळलों म्हणजे ताकही फुंकून पितों, हा मनुष्यस्वभाव आहे. तिनें मात्र एकाचा दोष दुसऱ्याच्या माथीं मारला नाहीं. पेट्रोल-पंपावरील मनुष्यानें पाटी पाहून माणसाची पारख केली. तिनें तीच चूक उलट दिशेनें करण्याचें नाकारलें. बदकाची किंमत कांहीं आण्यांची असेल. या नकाराची किंमत मोठी आहे.

चाल पसरल्यावर गाड्या विकणाऱ्यांचेंही तिकडे लक्ष गेलें. २०२२ च्या सप्टेंबरांत डेट्रॉइट शहरीं मोटारींचें मोठें प्रदर्शन भरलें असतां तेथें ६१ फूट उंचीचें हवा भरलेलें प्रचंड बदक उभारण्यांत आलें होतें. परंतु हें सर्व मागाहून झालें. चालीचा आरंभ कोणत्याही कंपनीच्या जाहिरातखात्यांत झालेला नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. अ‍ॅलिसन पार्लमेंट ही जून २०२४ मध्यें, ऐन तारुण्यांत वारली. चाल मात्र तिच्यामागें चालू राहिली. आणि आज बदक ठेवणाऱ्यांपैकीं पुष्कळांस तिचें नांवही ठाऊक नसेल.

४. परतफेड व पुढची फेड

देणें व घेणें या विषयाचा पंडितांनीं पुष्कळ अभ्यास केला आहे. मार्सेल मोस या फ्रेंच पंडितानें १९२५ सालीं भेटींवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. अनेक समाजांच्या चालींची तुलना करून त्यानें असें दाखविलें कीं, भेट ही वरवर पाहतां खुशीची गोष्ट असली तरी तिच्यांत तीन कर्तव्यें गुंतलेलीं असतात: देण्याचें, घेण्याचें व परत देण्याचें. जो देत नाहीं तो कृपण ठरतो. जो घेत नाहीं तो वैरी ठरतो. आणि जो परत देत नाहीं तो मानास मुकतो. आपल्याकडील लग्नकार्यांत कोणी किती आहेर केला याची वही जपून ठेवणाऱ्या वडील मंडळींस हा सिद्धान्त समजावून सांगण्याचें कारण पडणार नाहीं.

मोसच्या आधीं तीन वर्षें, १९२२ मध्यें, ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या शास्त्रज्ञानें न्यू गिनीजवळील ट्रोब्रियंड बेटांतील ‘कुला’ नांवाच्या चालीचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. तेथील लोक होड्यांतून दूरदूरच्या बेटांस जात व शिंपल्यांचे अलंकार एकमेकांस भेट देत. तांबड्या शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळांत घड्याळाच्या कांट्याप्रमाणें एका दिशेनें फिरत, आणि पांढऱ्या शिंपल्यांचीं कंकणें उलट दिशेनें फिरत. कोणीही अलंकार कायमचा घरांत ठेवीत नसे. कांहीं काळ मिरवून तो पुढच्यास द्यावयाचा असे. वस्तूचा उपयोग थोडा, परंतु तिच्या फिरण्यानें समुद्रानें वेगळीं केलेलीं बेटें एकमेकांस जोडलेलीं राहत. मिळालेली वस्तु पुढें धाडावयाची, या बाबतींत बदक हें त्या माळेचें धाकटें भावंड आहे. भेद इतकाच कीं, कुलांतील देणारा-घेणारा एकमेकांस नांवानें ओळखत, आणि दिलेल्या माळेबद्दल तोलाचें कंकण येण्याची वाट पाहत.

देणाऱ्यास घेणारा मुळींच ठाऊक नसतो, अशा देण्याचा विचार रिचर्ड टिटमस या इंग्रज पंडितानें केला. रुग्णांस जें रक्त दिलें जातें, त्यावर त्यानें १९७० मध्यें ग्रंथ लिहिला. इंग्लंडांत लोक रक्त फुकट देत. संयुक्त संस्थानांत त्या काळीं पुष्कळ रक्त पैसे देऊन विकत घेतलें जाई. दोन्ही पद्धतींची तुलना करून, विकत घेतलेल्या रक्तापेक्षां स्वेच्छेनें दिलेलें रक्त अधिक निर्धोक असतें, असें त्यानें प्रतिपादिलें. कारण उघड आहे. पैशाच्या गरजेनें आलेला मनुष्य आपला आजार लपविण्याचा संभव असतो. जो केवळ दुसऱ्याच्या जिवासाठीं आला, त्यास लपविण्याचें कारण नसतें. रक्त देणाऱ्यास घेणाऱ्याचें नांव, जात, देश यांपैकीं कांहींच कळत नाहीं, आणि परतफेडीची आशाही नसते. तरीही तो देतो. कारण आपण ज्या समाजांत राहतों तो असाच देणाऱ्यांचा असावा, असें त्यास वाटतें.

रक्त आणि रबरी बदक यांची बरोबरी करणें हास्यास्पद होईल. एकावांचून माणूस मरतो. दुसऱ्यावांचून कोणाचें कांहींच अडत नाहीं. तथापि देण्याची दिशा दोहोंत एकच आहे. तीस आम्ही ‘पुढची फेड’ म्हणतों. परतफेडींत हिशेब मिटतो. पुढच्या फेडींत तो मिटतच नाहीं, म्हणून संबंध चालू राहतो.

हा नियम वाईटासही लागू आहे, हें मात्र विसरतां कामा नये. दुःखाचीही पुढची फेड होते. कचेरींत साहेब कारकुनावर रागावतो, कारकून घरीं येऊन बायकोवर डाफरतो, ती मुलास चापट मारते, आणि मूल दारांतल्या कुत्र्यास दगड मारतें. ज्यानें आपणांस दुखविलें त्याच्यापर्यंत आपला हात पोंचत नाहीं, म्हणून जो हाताशीं सांपडेल त्यास आपण तें दुःख देऊन मोकळे होतों. त्या पेट्रोल-पंपावरील मनुष्यही बहुधा अशाच कोणत्या तरी भीतीचें ओझें पुढें ढकलीत होता. ती सांखळी त्या स्त्रीजवळ येऊन तुटली. तिच्या हातीं धक्का आला होता. पुढें गेलें तें बदक.

५. चालीचे दोष व मर्यादा

कोणतीही चाल केवळ गोड आहे म्हणून तिचे दोष झांकूं नयेत. पहिला दोष असा कीं, ही उदारता आपल्याच मेळ्यापुरती आहे. बदक मिळतें तें जीपलाच. शेजारीं उभ्या असलेल्या जुन्या, पोंचे पडलेल्या मोटारीच्या मालकास मिळत नाहीं, मग तो कितीही दुःखी असो. बारकाईनें पाहिल्यास येथेंही गाडीवरूनच माणूस निवडला जातो. पाटी पाहून ढकलणें आणि बनावट पाहून भेट देणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, हें खरें. तरी ‘आपला’ व ‘परका’ ही रेघ दोन्हींकडे आहे. आपल्या माणसांवर प्रेम करणें ही चांगुलपणाची पहिली इयत्ता होय. पहिली इयत्ता पास झाल्याबद्दल मुलाचें कौतुक करावें, परंतु त्यास तेथेंच बसवून ठेवूं नये.

दुसरा दोष पर्यावरणाचा. आजचीं बहुतेक ‘रबरी’ बदकें रबराचीं नसून व्हिनाइल नांवाच्या प्लॅस्टिकचीं असतात. वाऱ्यानें बॉनेटवरून उडालेलें बदक गटारांत, तेथून नदींत व नदींतून समुद्रांत जातें. अशीं खेळणीं किती टिकाऊ असतात, याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. १९९२ च्या जानेवारींत पॅसिफिक महासागरांत वादळांत सांपडलेल्या एका जहाजावरून पेट्या समुद्रांत पडल्या, आणि त्यांतील २८,८०० खेळणीं पाण्यावर तरंगूं लागलीं. त्यांत पिंवळीं बदकें होतीं, तसेच तांबडे बीव्हर, हिरवे बेडूक व निळीं कांसवें होतीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांपैकीं कांहीं अलास्काच्या किनाऱ्यास लागलीं, आणि पुढें कित्येक वर्षें तीं ठिकठिकाणीं सांपडत राहिलीं. कर्टिस एब्समायर या समुद्रशास्त्रज्ञानें त्यांच्या मार्गावरून सागरी प्रवाहांचा अभ्यास केला, हा त्यांतल्या त्यांत लाभ झाला. परंतु प्रत्येक हरवलेल्या बदकामागें शास्त्रज्ञ फिरत नसतो. म्हणून बदक ठेवावें तें घट्ट बसेल अशा जागीं, गांवांत, मालकास लगेच दिसेल असें. रानावनांत ठेवूं नये.

तिसरी गोष्ट शिष्टाचाराची. जीपचें छप्पर व दारें काढून ठेवतां येतात. त्यामुळें उघड्या गाडींत हात घालणें सोपें असतें. परंतु दार नाहीं म्हणून घर आपलें होत नाहीं. बदक बाहेरच ठेवावें, आंत हात घालूं नये, गाडीच्या रंगास ओरखडा पडूं देऊं नये. शिवाय रात्रीं एकटी असणारी एखादी स्त्री आपल्या गाडीवर अनोळखी वस्तु पाहून घाबरण्याचा संभव आहे. ‘कोणी आपल्या पाळतीवर तर नाहीं?’ अशी शंका तिला आली, तर भेटीचा हेतूच फसला. घेणाऱ्यानेंही डॅशबोर्डावर इतकीं बदकें मांडूं नयेत कीं समोरचा रस्ता दिसेनासा व्हावा. गाडी एकदम थांबली म्हणजे सुटी वस्तु पूर्वीच्याच वेगानें पुढें जाऊं पाहते, हा न्यूटनचा नियम बदकांनाही सोडीत नाहीं.

या तिन्ही दोषांचा विचार केल्यास एकच तत्त्व हातीं लागतें. भेट देतांना आपल्या हौसेपेक्षां घेणाऱ्याच्या सोयीचा विचार आधीं करावा. जी भेट देणाऱ्याचाच आनंद पाहते, ती भेट नसून प्रदर्शन होय.

६. आपण काय घ्यावें

आपणांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं जीप असेल, आणि बदकें विकत घेण्याचा आग्रह आम्ही कोणास करणार नाहीं. क्षुल्लक वस्तूंतून मोठा भाव व्यक्त करण्याची विद्या आपणांस परकी नाहीं. दसऱ्याच्या दिवशीं आपट्याचें पान ‘सोनें’ म्हणून हातीं दिलें असतां, तें बाजारांत किती रुपयांना विकलें जाईल असें कोणी विचारीत नाहीं. प्रश्न वस्तूचा नाहीं. आपल्या हातीं जें आलें, त्यांतलें काय आपण पुढें जाऊं देतों, हा आहे.

शाळेंतही हा प्रश्न रोज उभा राहतो. वरच्या वर्गांतील मुलानें आपणांस चिडविलें, तर आपण खालच्या वर्गांतील मुलास चिडवितों कीं त्यास पेन्सिल काढून देतों? दुसऱ्या गांवाहून नवा विद्यार्थी आला, त्याची बोली निराळी, कपडे निराळे; आपण त्याची पाटी वाचतों कीं त्यास बांकावर जागा करून देतों? कोणी पाहत नसतां सांडलेलें पाणी पुसणें, कोणाचें पडलेलें पुस्तक त्याच्या जागेवर नेऊन ठेवणें, आजारी सोबत्यासाठीं टिपणें उतरवून तीं नांव न घालतां त्याच्या बांकावर ठेवणें, हीं आपलीं बदकें होत. त्यांस खर्च लागत नाहीं, तीं समुद्रांत तरंगत नाहींत, आणि तीं ज्यास द्यावयाचीं तो आपल्या मेळ्यांतला असला पाहिजे, असाही नियम नाहीं.

आरंभीं आम्ही विचारलें होतें कीं, ज्यांत भेटच होत नाहीं अशी भेट असूं शकेल काय. असूं शकते, असें वरील विवेचनावरून दिसून येईल. देणारा दिसत नाहीं म्हणून घेणारा प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याकडे ‘हाच तो असेल काय?’ अशा प्रेमळ कुतूहलानें पाहूं लागतो. २०२० सालीं लोक अनोळखी माणसाकडे भीतीनें पाहत होते, तेव्हां एका लहानशा खेळण्यानें कांहीं लोकांस त्याच अनोळखी माणसाकडे आशेनें पाहण्यास शिकविलें. एवढें कार्य कांहीं आण्यांच्या बदकास पुरे आहे.

विचारार्थ प्रश्न

(१) परतफेड व पुढची फेड यांतील भेद आपल्या अनुभवांतील एकेक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
(२) आपल्या गांवीं फक्त आपल्याच मेळ्यापुरती असलेली एखादी चांगली चाल सांगा. ती इतरांस खुली करतां येईल काय, व त्यासाठीं प्रथम काय सोडावें लागेल?
(३) घेणाऱ्यास त्रास झाला अशी एखादी भेट आपणांस ठाऊक असल्यास, देणाऱ्याच्या ध्यानांत कोणती गोष्ट आली नव्हती, तें लिहा.
(४) येत्या आठवड्यांत नांव न सांगतां कोणाचें तरी एक काम करा. त्याचें उत्तर वहींत लिहूं नये.